कूळकायदा: जमीन कसणाऱ्याची झाली, पण कसणारा कोण हे कुणी ठरवलं?

कोकणात किंवा पश्चिम महाराष्ट्रात जमीन बघायला गेलात की सातबाऱ्यावर मालकाच्या नावाइतकाच 'इतर हक्क' हा रकाना बघावा लागतो, आणि तिथे बऱ्याचदा 'कु.का. कलम 43 च्या बंधनास पात्र' अशी एक ओळ असते. एजंट म्हणतो, त्याचं काय नाय साहेब, होऊन जातं. ते कसं होतं ते शेवटाकडे सांगतो. पण ही ओळ तिथे आली कुठून हे शोधत गेलं तर आपल्याकडच्या खेड्यांत विसाव्या शतकात जी सगळ्यात मोठी उलथापालथ झाली तिच्यापाशी पोचतो. गंमत म्हणजे ही उलथापालथ ना मोर्च्यात झाली ना बंदुकीने, म्हणजे मोर्चे आणि गोळीबार दोन्ही झाले, ते पुढे येईलच, पण जमीन प्रत्यक्षात हलली ती तलाठ्याच्या दप्तरात.

कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा आणि त्याबद्दल मालकाला खंड देणारा माणूस. खंड कधी रोख, बऱ्याचदा धान्यात, आणि पुष्कळ ठिकाणी सरळ निम्मं पीक, ज्याला अर्धेल म्हणायचे. बी कुळाचं, बैल कुळाचे, राबणं कुळाच्या घरातल्या सगळ्यांचं, पाऊस पडला नाही तर नुकसान पण कुळाचंच. मालक म्हणेल तेव्हा जमीन सोडायची. कागद बहुतेक नसायचाच. एकच जमीन आजोबा, वडील, मुलगा अशी तीन पिढ्या कसलेली कुळं असायची, पण मालकाने पुढच्या वर्षी दुसऱ्याला दिली तर विचारणार कुणाला, कारण गावात विचारायला जायचं ते पण मालकाच्याच ओटीवर.

कोकणात ह्याच्यावर आणखी एक थर होता, खोतीचा. खोत हा मुळात सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणारा मधला माणूस. इंग्रजांनी 1880 मध्ये खोतीचा कायदा करून ही व्यवस्था पक्की केली. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत (कुलाबा म्हणजे आत्ताचा रायगड) गावंच्या गावं खोतांकडे होती. खोत सगळे एकाच जातीचे नव्हते, ब्राह्मण होते, मराठा होते, मुसलमान पण होते. खोताने सरकारला ठरलेला सारा भरायचा आणि कुळाकडून त्याहून किती तरी जास्त वसूल करायचं, शिवाय वेठ, म्हणजे खोताच्या घरी फुकट काम. लग्नकार्य असलं की लाकडं फोडा, शाकारणी करा, मेणा उचला. पैसे मागायचा प्रश्नच नाही.

आता लोक म्हणतात कूळकायदा काँग्रेस सरकारने दिला. बरोबर आहे, पण अर्धवट बरोबर. त्याच्या आधी वीस वर्षं लोक काय करत होते ते बघायला पाहिजे.

अलिबाग तालुक्यात चरी नावाचं गाव आहे. तिथे आणि आसपासच्या गावांत 1933 च्या ऑक्टोबरमध्ये कुळांनी ठरवलं की ह्या अटींवर जमीन कसायचीच नाही. पुढारी होते नारायण नागू पाटील. कारखान्यातला संप आपल्याला माहीत असतो, पण शेतकऱ्याने नांगर न धरण्याचा संप म्हणजे काय हे जरा डोळ्यासमोर आणा, कारण संपाने मालकाचं धान्य बुडतं तसं स्वतःच्या घरचं पण बुडतं. लोकांनी जंगलातून लाकूडफाटा आणून विकला, मासे धरले, मिळेल तिथे मजुरीला गेले, आणि 1939 पर्यंत म्हणजे जवळपास सहा वर्षं हे चाललं. 1934 मध्ये बाबासाहेब आंबेडकर चरीला सभेला आले. खारी हवेतल्या भातशेतीवर जगणारी आगरी कुळं आणि दलितांचा पुढारी एकाच मंडपात, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती, आणि मला वाटतं आपल्याकडच्या इतिहासात तिला जेवढी जागा मिळायला पाहिजे तेवढी मिळालेली नाही.

मग 1937 ला प्रांतांच्या निवडणुका झाल्या, मुंबई प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं, मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि महसूल खात्याचे मंत्री मोरारजी देसाई. आंबेडकर विरोधात, स्वतंत्र मजूर पक्षाचे. त्यांनी त्याच वर्षी 17 सप्टेंबरला विधिमंडळात खोती नष्ट करायचं बिल मांडलं. सरकारने ते पुढे जाऊ दिलं नाही. मग 10 जानेवारी 1938 ला कोकणातले आणि इतर भागांतले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले, आंबेडकरांबरोबर त्यात कम्युनिस्ट मंडळी पण होती, आणि शामराव परुळेकर, जे तेव्हा आंबेडकरांच्याच पक्षात होते. बिल तेव्हा पास झालं नाहीच. पण विषय आता गावाच्या बाहेर आला होता, खोत आणि कूळ ह्यांच्यातला खाजगी मामला राहिला नव्हता.

सरकारने 1939 मध्ये कुळांसाठी एक कायदा केला. त्यात 'संरक्षित कूळ' ही गोष्ट पहिल्यांदा आली: जो माणूस 1 जानेवारी 1938 च्या आधी सलग सहा वर्षं तीच जमीन कसतोय त्याला मनाला येईल तसं काढता येणार नाही. ऐकायला छान आहे, पण तो सुरुवातीला मोजक्या जिल्ह्यांपुरताच लागू झाला, सगळ्या प्रांताला लागू व्हायला 1946 उजाडलं. आणि मधल्या काळात मालक काय हातावर हात ठेवून बसणार होते का? कायदा येतोय हे ज्याला पेपर वाचता येतो त्याला आधी कळतं. कुळाची सलग वहिवाट होऊ द्यायची नसेल तर दर काही वर्षांनी कूळ बदलायचं, किंवा त्याच कुळाला शेजारचं दुसरं शेत द्यायचं.

तिकडे ठाणे जिल्ह्यात वेगळंच पेटलं होतं. डहाणू, उंबरगाव, तलासरी ह्या पट्ट्यातले वारली, ज्यांच्या जमिनी कर्जात सावकार आणि जमीनदारांकडे गेल्या आणि तेच लोक स्वतःच्या जुन्या जमिनीवर कूळ किंवा वेठबिगार झाले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा बायको दोघंही मालकाकडे बांधले जायचे, त्यांना लग्नगडी म्हणायचे. 1945 मध्ये किसान सभेने, म्हणजे गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी तिथे काम सुरू केलं आणि वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच वारली मेले, त्यात जेठ्या गांगड. म्हणजे 1948 चा कायदा आला तेव्हा तो काही शांत बसलेल्या लोकांना वाटलेला प्रसाद नव्हता.

आता मुख्य कायदा. पूर्ण नाव मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1948. ह्यात बरंच काही होतं पण आपल्या कामाचं एवढं: वेठ आणि खंडावरची जादा वसुली बंद, खंडाला मर्यादा (जिरायतीत पिकाच्या एक तृतीयांशापर्यंत, बागायतीत एक चतुर्थांशापर्यंत), कुळवहिवाट कमीत कमी दहा वर्षांची, आणि मालकाला जमीन परत पाहिजे असेल तर परस्पर घ्यायची नाही, मामलेदाराकडे अर्ज करायचा. आणि कलम 4 मध्ये एक जबरदस्त गोष्ट होती. दुसऱ्याची जमीन जो कायदेशीरपणे कसतोय तो कूळ मानला जाईल, मालकाच्या घरचा माणूस, पगारावरचा गडी आणि गहाणदार एवढे सोडून. म्हणजे लेखी करार पाहिजेच असं नाही. मानीव कूळ म्हणतात त्याला. तोंडी व्यवहारावर जगणाऱ्या खेड्यात ह्या एका वाक्याने केवढा फरक पडला असेल बघा.

पुढच्या दोनएक वर्षांत खोती रद्द करणारा कायदा पण आला, 1949 ला केलेला, 1950 पासून लागू. पण खोती गेली म्हणजे खोताची जमीन गेली असं नव्हे. सरकार आणि कुळाच्या मधलं खोताचं वसुलीचं पद गेलं, खोताच्या स्वतःच्या नावावरच्या 'खोती खाजगी' जमिनी त्याच्याकडेच राहिल्या आणि त्यांचा निकाल पुढे कूळकायद्याने लागला. हे दोन वेगळे कायदे आहेत, बरेच लोक एकच समजतात.

1948 चा कायदा प्रत्यक्षात कितपत चालला? पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि खुदानपूर ह्यांनी ह्याचा अभ्यास केला, तो 1957 ला छापला गेला, आणि त्याचा सूर फार निराश आहे. कायदा असून नसल्यासारखा, जमिनी कुळांच्या हातून जातच होत्या. कायदा कुळाला काढू देत नव्हता, पण कुळाने स्वखुशीने जमीन सोडली तर? ती पळवाट. स्वखुशीचा राजीनामा. मामलेदारासमोर जायचं, मी माझ्या मर्जीने जमीन सोडतोय म्हणायचं, अंगठा द्यायचा. आता ज्या माणसाचं दुसरं काही साधन नाही तो मर्जीने जमीन का सोडेल हा प्रश्न मामलेदाराने विचारायला पाहिजे होता, पण दिवसाला किती प्रकरणं आणि बाहेर कोण उभं आहे ह्यावर सगळं अवलंबून. बाहेर मालक उभा, त्याच्याकडेच ह्या कुळाचं कर्ज, त्याच्याच वाडीतलं पाणी, पोरीच्या लग्नाला उद्या त्याच्याकडेच हात पसरायचा. कायद्याने कूळ स्वतंत्र झालं होतं, पण हे बाकीचं कुठल्या कलमात बसणार.

म्हणून 1956 ला कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि सगळा रोखच बदलला. आधी कुळाला संरक्षण द्यायचं असं धोरण होतं, आता कुळाला मालकच करून टाकायचं. तारीख ठरली 1 एप्रिल 1957. ह्याला कृषक दिन म्हणतात. ह्या दिवशी जे कूळ जमीन कसत होतं त्याने ती जमीन विकत घेतली असं कायद्याने मानलं गेलं. कुळाने अर्ज करायला नको, मालकाने सही करायला नको. 31 मार्चच्या रात्री झोपताना कूळ, 1 एप्रिलला सकाळी मालक, निदान कायद्याच्या नजरेत तरी.

मालकाला स्वतः कसण्यासाठी काही जमीन परत घ्यायची मुभा होती, पण त्यासाठी 31 डिसेंबर 1956 पर्यंत कुळाला नोटीस आणि 31 मार्च 1957 पर्यंत मामलेदाराकडे अर्ज, आणि तरी कुळाकडे निदान अर्धी जमीन राहिलीच पाहिजे. शिवाय जमीन कसणं हेच त्या मालकाच्या पोटाचं मुख्य साधन असायला हवं, मुंबईत नोकरी करून गावची जमीन परत मागता येत नव्हती.

आता किंमत. इथे आकडे समजून घेणं गरजेचं आहे कारण घरोघरी जी भांडणं आहेत ती ह्याच्यावरूनच आहेत. किंमत बाजारभावाने नव्हती. जमिनीचा जो सरकारी आकार असतो, म्हणजे शेतसारा, त्याच्या 20 पट ते 200 पट ह्याच्यामध्ये कुठेतरी, वर विहीर, झाडं, बांधकाम असेल तर त्याची किंमत वेगळी. समजा एका शेताचा आकार 3 रुपये आहे. तर किंमत 60 रुपयांपासून 600 रुपयांपर्यंत. ती पण एकदम नाही, जास्तीत जास्त 12 वार्षिक हप्त्यांत. म्हणजे अगदी वरची किंमत लागली तरी वर्षाला 50 रुपये आणि थोडं व्याज. कायमची कुळं होती त्यांना तर खंडाच्या सहापटच. ह्याच्याविरुद्ध मालक सुप्रीम कोर्टात गेले आणि 1958 ला हरले. मूळचा 1948 चा कायदा तर 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीतच नवव्या परिशिष्टात घातला होता, ते परिशिष्ट कशासाठी काढलं असं कुणी विचारलं तर अशाच जमीन कायद्यांना कोर्टापासून वाचवायला.

ह्या सगळ्याची प्रक्रिया कलम 32 च्या शेपटात आहे आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला बाकी काही नाही तरी '32 ग' तोंडपाठ असतं. 32 ग म्हणजे किंमत ठरवायची चौकशी. शेतजमीन न्यायाधिकरण, म्हणजे व्यवहारात तहसीलदार दर्जाचा अधिकारी, दोघांना नोटीस काढतो आणि कुळाला विचारतो, तुला जमीन घ्यायचीय का. घ्यायची असेल तर किंमत ठरते, हप्ते फेडले की '32 म' चं सर्टिफिकेट मिळतं, तोच मालकीचा पुरावा. आणि कूळ हजरच राहिलं नाही किंवा नको म्हणालं तर खरेदी निष्प्रभावी ठरते आणि '32 प' खाली त्या जमिनीचं काय करायचं ते ठरतं, बऱ्याचदा ती मूळ मालकाकडे परत. आता मघाचा स्वखुशीचा राजीनामा आठवा. तोच खेळ इथे परत. दारं फक्त बदलली. नोटीस पोचलीच नाही, किंवा पोचली ती मुंबईत गिरणीत काम करणाऱ्या थोरल्या भावाच्या नावाने आणि गावात वहिनीने ती चुलीवरच्या फळीत खोचून ठेवली, किंवा मालक म्हणाला कशाला कोर्टकचेरी, तू कसत राहा ना, तुला कोण काढतंय, फक्त नको म्हणून सांग. अशा घरांत आजही आजोबांच्या एका 'नको' वर नातवांची केस चाललेली असते, आधी प्रांताकडे, मग महसूल न्यायाधिकरणाकडे, मग हायकोर्टात.

आणि मुळात कूळ आहे हे सिद्ध कशाने करायचं? जमीन कसताना कुणी फोटो काढत नव्हतं. पुरावा म्हणजे गाव नमुना 12, पीकपाहणी. जुन्या उताऱ्यात कसणाऱ्याचं नाव आणि 'रीत' असा रकाना असायचा. तलाठी, ज्याला गावात भाऊसाहेब म्हणतात, त्याने दरवर्षी शेतावर जाऊन उभं पीक बघून कोण कसतंय ते लिहायचं. भाऊसाहेब शेतावर किती जायचे आणि चावडीत बसून किती लिहायचे हे मी सांगायला नको. त्याने 'खुद्द' लिहिलं तर मालक स्वतः कसतो, विषय संपला. त्याच्या जागी कुळाचं नाव लिहिलं तर तेच कुटुंब पुढे दोन एकराचं मालक. माझं तर मत असं आहे की कूळकायद्याचा खरा निकाल 1957 च्या आधीच्या आठदहा वर्षांत लागून गेला होता, ज्यांची नावं तेव्हा बाराच्या उताऱ्यावर लागली ते वाचले. ज्या गावात संघटना होती, चळवळ होती, निदान एखादा चार इयत्ता शिकलेला आणि न घाबरणारा माणूस होता तिथे नावं लागली. एकाच कायद्याने शेजारशेजारच्या दोन गावांत इतका वेगळा परिणाम का झाला ह्याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही ते ह्यामुळे.

मालकांची बाजू पण आहे, आणि ती टिंगल करण्यासारखी नाही. सगळे मालक काही वाड्यात राहणारे खोत नव्हते. चार एकर जमीन, नवरा गेलेला, मुलं लहान, आणि वर्षाला कुळाकडून येणाऱ्या भातावर चूल पेटते अशा बायका पण कायद्याच्या भाषेत जमीनमालकच. त्यांच्यासाठी 32 फ होतं: मालक विधवा असेल, अज्ञान (म्हणजे वयाने लहान) असेल किंवा अपंग असेल तर कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला जाईल. आणि 88 क होतं, ज्याची जमीन थोडी आणि वर्षाचं उत्पन्न 1500 रुपयांच्या आत त्याला सूट. पण 32 फ ने एक वेगळाच घोळ करून ठेवला. त्या विधवेचा हक्क संपल्यावर कुळाने ठराविक मुदतीत मालकाला आणि न्यायाधिकरणाला कळवायचं होतं की मला जमीन घ्यायचीय. किती कुळांना ही मुदत माहीत असणार? मुदत गेली, हक्क गेला, आणि ह्या एका कारणावरून हरलेल्या केसेस भरपूर आहेत.

पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मण मालकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बरोबरीने घडली, ती वगळून कूळकायदा सांगता येत नाही. 1948 च्या जानेवारीत गांधींचा खून झाला आणि सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरं जाळली गेली. बरीच कुटुंबं पुण्यामुंबईला गेली. गाव सोडलेला माणूस जमीन स्वतः कसतो असं कसं सिद्ध करणार. त्यामुळे दोन घटना एकमेकांत अडकल्या आणि शहरातल्या कितीतरी घरांत आजही 'आमच्या जमिनी कुळांनी खाल्ल्या' हे वाक्य दोन्हींचा राग एकत्र करून बोललं जातं. पण कायदा जात बघून केलेला नव्हता, मराठा मालकांच्या पण गेल्या, मुसलमान खोतांच्या पण गेल्या. आणि हेही खरं की शहरात गेलेल्यांकडे शिक्षण होतं, नोकरी होती, ज्यांनी जमीन सोडली त्या कुळांकडे ह्यातलं काहीच नव्हतं.

राजकारणावर काय परिणाम झाला? अलिबाग, पेण हा पट्टा कित्येक दशकं शेकापचा (शेतकरी कामगार पक्षाचा) का राहिला ह्याचं उत्तर चरीच्या संपापासून सुरू होतं. घाटावर चित्र जरा निराळं. तिथे साखर कारखाने आले (पहिला सहकारी लोणीजवळ प्रवरानगरला, 1950, विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ), मग 1960 ला महाराष्ट्र राज्य, 1962 ला जिल्हा परिषदा. सोसायटीचं कर्ज पाहिजे, कारखान्याचा शेअर पाहिजे, तर सातबाऱ्यावर नाव पाहिजे. ज्यांचं नाव होतं त्यांच्यासाठी ही दारं उघडली, त्यात आधीपासूनचे बागायतदार पण होते आणि नव्याने मालक झालेली कुळं पण. कुणाच्या ओटीखाली उभा राहणारा माणूस एका पिढीत सोसायटीचा संचालक झाला असं जेव्हा झालं तेव्हा गावातला सगळा आवाजच बदलला. ह्याचं श्रेय कायद्याला द्यायलाच पाहिजे.

पण ज्यांच्याकडे कसायलाही जमीन नव्हती त्यांना ह्या कायद्यात काही नव्हतं. कलम 4 मध्येच पगारावरचा गडी वगळलेला आहे. गावात सगळ्यात जास्त कोण राबतं तर सालगडी आणि शेतमजूर, आणि 'कसेल त्याची जमीन' ह्या घोषणेतून नेमके तेच बाहेर. त्यात दलित मोठ्या संख्येने. महार वतनं, म्हणजे गावकामाच्या बदल्यात महारांकडे असलेल्या जमिनी, 1959 पासून रद्द झाली, त्या जमिनी नजराणा भरून परत मिळवायच्या होत्या आणि त्यातल्या कितीतरी वेगवेगळ्या मार्गांनी दुसऱ्यांच्या ताब्यात गेल्या. दादासाहेब गायकवाडांनी 1959 ला आणि परत 1964 ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लोक भरभरून तुरुंगात गेले, मागणी काय तर पडीक आणि सरकारी जमीन कसायला द्या. आणि बायका. लावणी, बेणणी, मळणी सगळ्यात बायका, पण पीकपाहणीत नाव घरच्या पुरुषाचं. कायद्यात बाई दिसते ती मालकीण विधवा म्हणून, कूळ म्हणून क्वचितच.

मराठवाडा आणि विदर्भाचं थोडक्यात: तिथे हा कायदा नाही. मराठवाड्यात हैदराबादचा 1950 चा, विदर्भात वेगळा 1958 चा, कल्पना साधारण तीच, कलमांचे नंबर वेगळे. गोव्यात मुक्तीनंतर दयानंद बांदोडकरांच्या सरकारने 1964 ला कूळकायदा केला आणि शशिकला काकोडकरांच्या काळात 1976 ला दुरुस्ती करून कुळांना मालक केलं, शिवाय 1975 चा मुंडकार कायदा, भाटकाराच्या (म्हणजे जमीनदाराच्या) जमिनीवर ज्यांचं घर आहे त्यांच्यासाठी. भाटकार विरुद्ध बहुजन हे गोव्याचं राजकारण ह्याच्यावरच उभं राहिलं.

1961 चा कमाल जमीन धारणेचा कायदा, म्हणजे सीलिंग, हा वेगळा विषय आहे, त्यातलं एकच सांगतो कारण ते उलटं आहे. नगर जिल्ह्यात वगैरे खाजगी साखर कंपन्यांनी छोट्या शेतकऱ्यांकडून जमिनी खंडाने घेतल्या होत्या. म्हणजे इथे मालक गरीब आणि कूळ ही कंपनी. सीलिंगमध्ये ह्या जमिनी सरकारने घेतल्या आणि 1963 मध्ये शेती महामंडळ काढून त्याच्याकडे दिल्या. मूळ शेतकरी, ज्यांना खंडकरी म्हणतात, ते आपल्याच जमिनीसाठी पुढे काही दशकं भांडत राहिले, जमिनी परत मिळायला 2012 च्या आसपास सुरुवात झाली.

आता सुरुवातीचं कलम 43. कुळाला स्वस्तात मिळालेली जमीन त्याने लगेच विकून परत भूमिहीन होऊ नये म्हणून कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही असं बंधन होतं. हेतू चांगला होता, पण पुढे ह्या परवानग्या हाच एक धंदा झाला. 2014 ला नियम सोपा केला: 32 म चं सर्टिफिकेट मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या 40 पट नजराणा भरायचा आणि शेतीसाठी विकायला परवानगी लागत नाही. आकारच जर 3 रुपये असेल तर 40 पट म्हणजे 120 रुपये, म्हणून एजंट म्हणतो होऊन जातं. पण न भरता, न कळवता व्यवहार केला तर शर्तभंग, आणि ते फार महागात जातं. कलम 63 पण ह्याच कायद्यातलं. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही ते त्याच्यामुळे, म्हणून मग शेतकरी दाखल्यासाठी लोक कुठल्या तरी तालुक्यात आजोबांचा उतारा शोधत फिरतात.

आणि एक परिणाम जो कायदा करणाऱ्यांना नक्कीच नको होता. मालक लोक कूळ ह्या शब्दालाच घाबरले. आपली जमीन कुणाला कसायला दिली तर कूळ लागेल ही भीती तीन पिढ्या झाल्या तरी गेली नाही. कोकणात मुंबईकरांच्या जमिनी ओसाड पडलेल्या दिसतात त्यामागे मजूर मिळत नाहीत हे कारण आहेच, पण हेही आहे. जिथे देतात तिथे निम्म्याने नाहीतर मक्त्याने (ठरलेली रक्कम घेऊन), एका वर्षापुरती, तोंडी, आणि पुढच्या वर्षी माणूस बदलून. पीकपाहणी आता मोबाईलवर ई पीक पाहणीच्या ॲपमध्ये होते, शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो, आणि ती मालक स्वतःच्याच नावाने करून घेतो. त्यामुळे गारपीट झाली की भरपाई मालकाच्या खात्यात, पीककर्ज मालकाला, आणि खत, बी, मजुरी ज्याने घातली तो मक्तेदार मालकाला फोन लावत बसतो की भाऊ, त्यातलं काही आमच्याकडे पण बघा.